‘आळशांची कुबडी’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

रीफ टँकला (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या आणि माशांच्या टँकला) यूव्ही स्टरिलायझर (पाणी अतिनील दिव्यासमोरून नेऊन त्यातले जंतू मारणारं यंत्र) लावावा का, या माझ्या पोस्टखाली ‘जुना रीफर’ अशा टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी ती उडवलेली नाही. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यूव्हीने प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि चांगले बॅक्टेरिया मरतात, पाणी तापतं, मासे नीट क्वारंटाइन केले तर यूव्ही लागतच नाही, आम्ही मुंबईत कधी लावला नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘समुद्राचं तोंड न पाहिलेल्या नागपूरकरांनी रीफवर प्रवचन देऊ नये, यूव्ही ही आळशांची कुबडी आहे.’

भाऊ, मतभेद असायलाच पाहिजेत. पण ही बोलायची कोणती रीत? पोस्टमध्ये मी कुणाच्या गावावर बोललो होतो का?

समुद्र लांब आहे हे आम्हाला ठाऊक आहे. (सरळ रेषेत मोजलं तर आम्हाला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो, पण नकाशा बघायची तसदी कोण घेणार!) तुम्ही तरी चौपाटीवरून बादली भरून टँकमध्ये ओतता काय? किनाऱ्याचं ते गढूळ पाणी कुणी शहाणा माणूस टँकमध्ये घालत नाही. मुंबईतही आरओचं पाणी आणि पोत्यातलं सिंथेटिक मीठ, इथेही तेच. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, तिथेही ३५ आणि इथेही ३५.

आणि आळशी? मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात रीफ सांभाळणं म्हणजे काय, हे एकदा येऊन बघा. नवतप्यात संपमधलं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी डोळ्यांदेखत उतरतं. टॉप-ऑफचा (उडून गेलेलं पाणी भरून काढायचा) डबा दिवसातून दोनदा भरावा लागतो, नाहीतर क्षारता चढते. भर दुपारी लाइट गेली की चिलर बंद, आणि आम्ही इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि संपवरचा पंखा चालवत बसतो. माझा पहिला खाऱ्या पाण्याचा टँक प्रतापनगरच्या घरात, कूलरच्या खोलीत होता. तेव्हा या शहरात विचारायला कुणी नव्हतं. दुकानदार गोड्या पाण्याच्या माशांचं औषध हातात द्यायचा. तिथून इथवर आलेल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी जरा विचार करायचा होता.

कुबडीचंही सांगतो. मागे माझ्या टँकमध्ये डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्म जीव) आले. दिवसभर अॅक्रोपोराच्या (फांद्यांच्या प्रवाळाच्या) टोकांवरून तपकिरी, शेंबडासारखे धागे लोंबायचे, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. संध्याकाळी ब्रशने साफ करा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेच. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला: थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला बांधल्यासारख्या गोल गोल फिरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस. ही जात रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात येते, आणि नेमकी तेव्हाच यूव्हीच्या तावडीत सापडते. यूव्ही लावला, त्यासाठी संपमधून नाही, थेट डिस्प्लेमधून (मुख्य टँकमधून) पाणी ओढलं, फ्लो कमी ठेवला, आणि आठवडाभरात दगड पुन्हा जांभळे दिसू लागले. अॅम्फिडिनियम हा दुसरा डायनो असता तर तो वाळूतच बसून राहिला असता आणि यूव्हीचा काडीचाही उपयोग झाला नसता. हे मी पोस्टमध्येही स्पष्ट लिहिलं होतं. वाचलं असतं तर दिसलं असतं.

इचचंही (माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या रोगाचंही) तसंच. क्रिप्टोकॅरिऑन या त्याच्या परजीवीची माशाच्या अंगावरची अवस्था आणि वाळू-दगडाला चिकटलेल्या गाठी, दोन्हींना यूव्हीचा प्रकाश शिवत नाही. मरतात ती फक्त पाण्यात मोकळी पोहणारी पिल्लं, तीही दिव्यासमोरून पुरेशी सावकाश गेली तर. यूव्ही इच बरा करतो असं मी कुठे म्हटलं ते दाखवा. संसर्गाचा जोर कमी करतो एवढंच म्हटलं होतं, आणि त्यावर मी ठाम आहे. क्वारंटाइनवर सवडीने वेगळी पोस्ट लिहीन, तो विषय इथे नको.

बाकीचं पटकन. नायट्रिफाय करणारे बॅक्टेरिया दगडावर आणि वाळूत राहतात, दिव्यापर्यंत ते येतच नाहीत. प्लँक्टनचं म्हणाल तर तुमचा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चोवीस तास तेच उपसून कपात टाकतो, त्याला कधी कुबडी म्हणालात? तरी एक मान्य करतो, म्हणजे मी हट्टी आहे असं वाटायला नको: फायटो किंवा रोटिफर (प्रवाळांचं सूक्ष्म जिवंत खाद्य) घालताना यूव्ही काही तास बंद ठेवावा. बाटलीतले बॅक्टेरिया सोडतानाही. पाणी तापण्याबद्दल म्हणाल, तर दिव्याची वीज शेवटी पाण्यातच उतरते हे खरंच आहे. पण आमच्या कोरड्या उन्हाळ्यात संपवर पंखा लावला की पाणी बाष्पीभवनाने चांगलं गार होतं. तुमच्या दमट हवेत ते जमत नसेल, त्याला आम्ही काय करणार?

तुमच्या ओळखीतल्या कुणीतरी यूव्ही लावला आणि फरक पडला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा, दिवा शेवटचा कधी बदलला. निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा चांगला आहे असं नसतं. जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि साधारण ८-९ हजार तासांनंतर, म्हणजे वर्षभर अखंड चालवल्यावर, ते बरेच कमी झालेले असतात. क्वार्ट्झ स्लीव्हवर (दिव्याभोवतीच्या पारदर्शक नळीवर) पांढरा थर चढला असेल तर तेही आतच अडतात. स्लीव्ह व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, थर सुटतो. आणि ही तपासणी करताना प्लग आधी काढा, उघड्या दिव्याकडे बघू नका. रागावलो असलो तरी तुमचे डोळे जावेत अशी माझी इच्छा नाही.

पुन्हा लिहाल तर टोपणनाव असू द्या, हरकत नाही. फक्त टँक किती लिटरचा, पंप कोणता आणि दिवा किती वॅटचा तेवढं सांगा. मग फ्लोबद्दल बोलू. गावाबद्दल नको.