झडती बेकायदा, पुरावा मात्र चालतो!
सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी निकालाने पोलिसांच्या झडतीला लगाम बसला, असं एका लेखात वाचलं; ते विधान मला अर्धंच पटलं. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी म्हटलं होतं की अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी, अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी तरतूद आपल्या घटनेत नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, ती मोठीच गोष्ट. पण सर्वोच्च न्यायालयाचाच १९७३ चा पूरनमल निकाल अजून कायम आहे: झडती बेकायदा असली तरी तेवढ्या कारणाने पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यापासून राज्यांच्या न्यायालयांतही असा पुरावा सहसा चालत नाही. मग आपल्याकडे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला धाक कशाचा?

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १०५ मात्र खरंच मोलाचं आहे. झडती आणि जप्तीचं, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. हे चित्रीकरण नसेल तर काय, याचं उत्तर कायद्यात स्पष्ट हवं होतं. तोवर घरी झडती आली तर हजर राहा, जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्या. आणि पंच म्हणून बोलावलं तर कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका.