नुसत्या शेपटावर बारसं होत नाही

कोकणात साप धरणाऱ्याला मान असतो. लोक लांबूनच, पण हात जोडतात. पाल शोधणाऱ्याला मात्र चहा मिळतो, आणि तोही कीव येऊन.

आंबोली घाटाच्या पायथ्याशी जांभ्याच्या गडग्यात डोकं खुपसून बसलो, की कुणीतरी काकी येऊन उभ्या राहतातच.

“काय हरावला रे?”

“पाल शोधतोय, काकी.”

“मगे थय कित्याक मरतंस? आमच्या न्हाणयेत ये. धा-बारा तरी आसत, सगळ्यो घेवन जा!”

न्हाणीतली पाल रात्रीची, उभ्या बाहुलीची. मला हवी ती निमास्पिस नावाच्या गटातली : बोटाएवढी, दिवसा हिंडणारी, गोल बाहुलीची आणि दगडाच्याच रंगाची. एवढं समजावून सांगितलं, की काकी माझ्या आईचा फोन नंबर मागतात.

दिसली तरी हाती लागेलच असं नाही. ओंजळ टाकली, की पाल फटीत आणि वळवळणारं शेपूट माझ्या हातात. डीएनए काढायला तेवढंही पुरतं. पण नव्या जातीला नाव द्यायचं, तर संग्रहालयात सहसा अख्खा नमुना ठेवावा लागतो; नुसत्या शेपटावर बारसं होत नाही. आणि हे सगळं वनखात्याची परवानगी खिशात असेल तर, ती येईपर्यंत पावसाळा उलटलेला असतो.

मग मोजणी. सूक्ष्मदर्शकाखाली पोटावरचे खवले मोजायचे, बोटांखालच्या पट्ट्या मोजायच्या, नराच्या मांडीखालची छिद्रं मोजायची. बावीस, तेवीस, चोवी... “भाऊ, जेवलात?” पुन्हा एकपासून.

गंमत अशी, की दोन डोंगरांवरच्या पाली डोळ्यांना जुळ्या बहिणी वाटतात. पण डीएनएमधल्या एनडी-टू नावाच्या जनुकाची अक्षरं शेजारी शेजारी मांडली, की कळतं, यांनी लाखो वर्षांपूर्वीच वाटण्या करून घेतल्यात. मग खवल्यांकडे पुन्हा बघायचं, आणि आधी न दिसलेला फरक तेव्हा दिसतो. जिथे पर्यटक धबधबा बघून भजी खाऊन परततात, त्याच आंबोलीतून 2018 मध्ये निमास्पिस आंबोलीएन्सिस ही जात जगापुढे आली.

हे सगळं मी आमच्या घरमालक आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी पंचांग काढलं. पाल कुठल्या अंगावर पडली, की काय फळ, याचं पान उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “ही तुझी नवी पाल उजव्या खांद्यार पडली तर?”

“आजोबा, ही छपरावर नसते. दगडातच असते. पडणार कशी?”

त्यांनी पंचांग मिटलं.

“पडाचीच नाय? मगे तिका सोदून तरी उपयोग काय?”