इनबॉक्स रिकामा दिसला म्हणून फोल्डर उडवू नका

लातूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामवर मेल बघणाऱ्यांसाठी आहे. सांगणं असं: इनबॉक्स उघडत नसेल किंवा रिकामा दिसत असेल तर फाईल करप्ट झाली, आतले मेल संपले. प्रोफाइलचं फोल्डर (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग ठेवतं ते) डिलीट करा, थंडरबर्ड काढून पुन्हा टाका, सगळे मेल सर्व्हरवरून आपोआप येतात. आणि कॉम्पॅक्ट, म्हणजे फाईल आवळून लहान करणं, कधीच करू नका, त्यानंच मेल उडतात.

मार्केट यार्डाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा मेसेज वाचून हात पोळलेली माणसं दुकानात यायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो.

‘फाईल करप्ट म्हणजे मेल संपले’ इथूनच चूक सुरू होते. थंडरबर्डच्या प्रत्येक फोल्डरच्या दोन फाईली असतात. एक ‘इनबॉक्स’ नावाची, मागं कसलंही एक्स्टेन्शन नसलेली, जाडजूड. दुसरी त्याच नावाची पण मागं ‘एमएसएफ’ लागलेली, बारकी. मेल सगळे पहिलीत. दुसरी नुसती अनुक्रमणिका. बिघडते ती बहुतेक वेळा ही बारकी, आणि यादी रिकामी दिसली की माणूस समजतो मेल गेले. फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, ‘रिपेअर फोल्डर’ दाबा. नाहीच जमलं तर थंडरबर्ड बंद करून फक्त ती एमएसएफ फाईल काढा. सुरू केल्यावर नवी तयार होते. मात्र आधी जाडजूड फाईलीची कॉपी दुसरीकडं ठेवा, मगच हात लावा.

ती मोठी फाईल साधी मजकुराची असते. एखादं छोटं फोल्डर नोटपॅडमध्ये उघडून बघा. ‘फ्रॉम’नं सुरू होणारी ओळ आली की नवा मेल लागला. तिच्याखाली ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ, तिच्यापुढं चार आकडे. ०००१ म्हणजे वाचलेला. ०००९ म्हणजे वाचलेला आणि डिलीट केलेला. म्हणजे डिलीट केलेला मेलसुद्धा फाईलीतच पडून असतो, फक्त त्याच्यावर खूण होते. कॉपीमध्ये ०००९ चं ०००१ करून रिपेअर चालवलं की तो मेल यादीत परत येतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतः चाट पडलो होतो.

आता कॉम्पॅक्टचं. खूण केलेले मेल खरोखर काढून टाकतं ते हेच. त्यामुळं चुकून डिलीट झालेला मेल शोधायचा असेल तोवर ते करू नका, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण ‘कधीच नको’ म्हणणं चूक. न केल्यास फाईल फुगतच जाते. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड आधी नवी फाईल लिहितं आणि मग जुनीच्या जागी बसवतं. डिस्कवर जागा हवी, आणि मधेच लाइट जाऊ नये. आपल्याकडं दुसरी अट अवघड, म्हणून इन्व्हर्टर असेल तरच करा.

‘काढून पुन्हा टाका’ यावर काय बोलायचं? प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल विंडोजमध्ये जागच्या जागी राहतं. दुखणं तिथं, औषध भलतीकडं.

सर्वात घातक वाक्य ‘सर्व्हरवरून परत येतात’. खातं आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात अशा पद्धतीचं, असेल तर येतात. पॉपवर, म्हणजे मेल मशीनवर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर, असेल तर मेल आपल्या मशीनवर उतरल्यावर सर्व्हरवर काही दिवसच ठेवायचे अशी सेटिंग असते, बऱ्याचदा १४ दिवसांची. त्याआधीचे सगळे फक्त तुमच्या डिस्कवर. पाठवलेले मेल तर पॉप सहसा उतरवतच नाही. मायक्रोसॉफ्टचं आउटलुक वापरणाऱ्यांचंही तसंच. ओएसटी फाईल सर्व्हरची नक्कल असते, ती काढली तरी सहसा पुन्हा बनते. पीएसटी मूळ असते. ती बिघडली तर आउटलुक बंद करून, कॉपी ठेवून स्कॅनपीएसटी हे त्याचं दुरुस्तीचं टूल चालवायचं, डिलीट करायचं नसतं. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा ओएसटीचं ऐकलं आणि सगळ्यांना लावलं.

अँटिव्हायरसकडंही एकदा बघा. कुठल्या तरी जुन्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये व्हायरस सापडला म्हणून तो अख्खी इनबॉक्स फाईल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकू शकतो, कारण त्याच्या लेखी ती एकच फाईल.

एका डाळ मिलचे मुनीमजी असेच आले. पॉपचं खातं, मेसेजप्रमाणं सगळं करून झालेलं, आणि इनबॉक्समध्ये फक्त दोन आठवड्यांचे मेल. “मालक मला घरी बसवतेत बघा,” म्हणाले. नशीब, डिलीट करताना शिफ्ट दाबलं नव्हतं. रिसायकल बिनमधून फोल्डर काढलं. पेन ड्राइव्हवर कॉपी करायला गेलो तर घेईना. इनबॉक्स सहा जीबीचा आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. बाहेरची हार्डडिस्क लावली. मग थंडरबर्ड बंद करून तीच फाईल ‘जुना’ नावानं नव्या प्रोफाइलच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवली. सुरू केल्यावर डावीकडं ‘जुना’ फोल्डर दिसलं, यादी भरायला लागली. मुनीमजी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले ते पार तुरीच्या जुन्या बिलांपर्यंत खाली गेले, चहा तसाच गार झाला.