म्हणे ‘फक्त’ गिअर काढायचे!

गिअरच्या सायकलचं मागचं चाक सिंगल स्पीड, म्हणजे एकाच चकतीचं, करणं हे ‘अर्ध्या तासाचं काम’ आहे, असं पुन्हा कुणी मला सांगितलं तर त्याच्या हातात पान्हा देऊन त्याला खोलीत कोंडणार आहे. बाहेरून कडी.

सात दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, आट्यांनी बसतं आणि पेडल मारावं तसं आणखी आवळत जातं. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक चढावर उभं राहून मी माझ्याच पायांनी ते घट्ट करत होतो! माझ्या फ्रीव्हीलला काढायला दोनच खाचा. त्यात बसणारं काढायचं हत्यार, रिमूव्हर, दोनदा घसरला आणि खाचांच्या कडा गुळगुळीत. त्यात एका शहाण्याचा सल्ला, ‘आधी चाकाच्या तारा (स्पोक) कापून टाक, हब मोकळं होईल.’ अरे बाबा, तारा कापल्यावर जोर लावायला धरू काय, तुझी मान? ते पूर्ण चाकच तर लिव्हर असतं. शेवटी चाक आवळायच्या क्विक रिलीज दांड्याने रिमूव्हर दाबून बसवला, तो वाइसमध्ये (टेबलाच्या शिकंजात) पकडला आणि रिम दोन्ही हातांनी धरून स्टिअरिंगसारखी उलटी फिरवली. सुटलं. खांदाही जवळजवळ सुटला.

एका चकतीचं नवीन फ्रीव्हील मात्र दोन मिनिटांत बसलं. आटे तेच, व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. मी खूश. मग चेन लावून मागून पाहिलं, तर ती तिरकी! नवीन चकती हबला चिकटून पार आत आणि पुढची, पेडलजवळची, बाहेर. चेन चकत्यांवरून सरकवणारा आणि ताणून धरणारा डिरेलर असताना हे खपतं. सिंगल स्पीडला चेन सरळ नसेल तर ती करकरते आणि नको तिथे उतरते.

इथे येतो तो ‘फक्त’. ‘फक्त एक्सलवरचे (चाकाच्या आसावरचे) स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणाऱ्या कड्या, उजवीकडचे डावीकडे टाक.’ टाकले. हब उजवीकडे सरकलं, त्याच्याबरोबर रिमही सरकली आणि टायर फ्रेमला घासायला लागला. आता ३६ तारा. उजव्या १८ पाव-पाव फेरा सैल, डाव्या १८ तेवढ्याच घट्ट, मग डगमग काढा, मग पुन्हा मध्य बघा. रविवार गेला. हे त्या अर्ध्या तासात कुणी धरलं होतं?

आणि एवढं करून चेन ढिलीच! माझ्या फ्रेमच्या एक्सल बसण्याच्या खाचा उभ्या आहेत, चाक मागे ओढायला जागाच नाही. चेनच्या कड्यांची एक जोडी काढली तर ती एकदम इंचाने तोकडी होते, बसतच नाही. ठेवली तर लोंबते. हाफ लिंक, म्हणजे अर्ध्या इंचाची एकच कडी, टाकून पाहिली, तरी पेडल फिरवताना एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल, कारण पुढची चकती म्हणे तंतोतंत गोल नसतेच. हेही आत्ताच कळायचं होतं.

यावर उपाय काय, तर चेन ताणून धरणारा चेन टेन्शनर. बघायला गेलो. एक छोटा दांडा, त्याला स्प्रिंग, खाली फिरणारं चाक, आणि बसतो कुठे, तर डिरेलर बसायच्याच भोकात. वर तो शहाणा सांगतो, ‘विकत कशाला घेतोस? तुझा जुना डिरेलरच लाव ना, फक्त केबल जोडू नकोस.’

मग मी तो काढला कशाला?