बाई नव्वदीपर्यंत कशी पोचली

आमची बाई गेली. बाई म्हणजे आजी. वडील आणि चुलते तिला बाई म्हणायचे, म्हणून आम्हा नातवंडांचीही ती बाईच. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1935 आहे, पण आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या 1 जानेवारीलाच जन्मल्यात. तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. रझाकारांच्या धाकानं घरोघरी पोरी उजवून टाकत होते, त्या सालात तिचं लग्न झालं आणि "लुगडं मला नेसता येत नव्हतं, सासूनं गुंडाळून दिलं." म्हणजे 1948 ला दहा-बारा वर्षांची असणार. नव्वदीला टेकली होती एवढं नक्की.

भेटायला येणारा जो तो ओसरीवर बसला की हेच म्हणायचा. जुनं खाणं, जुनी हाडं, आता अशी माणसं व्हायची नाहीत. पुण्याच्या चुलतभावानं तर बाईचा फोटो टाकून खाली अख्खी यादी दिली: ज्वारीची भाकरी, ठेचा, विहिरीचं पाणी, मोकळी हवा, अंगमेहनत, आयुष्यात औषधाची गोळी नाही. खाली धडाधड हात जोडलेले. काहींनी पुढेही पाठवलं.

मला राग आला. भावाचा नाही, तो भला माणूस आहे. पण ज्या ज्या गोष्टीतून बाई कशीबशी वाचली, त्याच गोष्टी तिच्या दीर्घायुष्याचं कारण म्हणून छापल्या जाव्यात, हे काही मला गप्प बसून बघवेना.

विहिरीच्या पाण्यापासूनच सुरू करते. आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, बीड जिल्हा. गावाला पायऱ्यांची बारव होती. अजूनही आहे, लोक आता तिथं लग्नाआधीचे फोटो काढतात. बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. त्याच पाण्यात नारूची बीजं. पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या पिसवांतून ती पोटात जातात आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा जंतू बाहेर यायला लागतो, हात-दीड हात लांब. त्याला ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सडतो. मग रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा आणि महिनाभर तसंच बसून राहायचं. बसायला मिळालं तर. बाईच्या डाव्या घोट्याच्या वर खड्डा होता, लहानपणी मी त्यात बोट घालायचे. तो नारूचा. एका सुगीत सासू, बाई आणि थोरली जाऊ, तिघींच्या पायाला काड्या बांधलेल्या होत्या आणि रानात ज्वारी उभी होती. फोड आलेला पाय घेऊन बाई पुन्हा त्याच बारवेत उतरायची, कारण दुसरं पाणी नव्हतं, आणि नारू तिथून पुढच्या घरी जायचा.

हे थांबलं ते हापशानं. 1972 च्या दुष्काळात बारवेचा तळ दिसला, तेव्हा बोअरच्या गाड्या आल्या आणि काळ्या पाषाणात भोकं पाडून हापसे बसवायला लागल्या. आमच्या मराठवाड्याला एक गोष्ट ठाऊक असायला हवी, आणि नाहीये. आधीचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हापसे परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी घडवलेले, अख्ख्या गावानं हापसले की महिन्याभरात मोडायचे. त्याला उत्तर म्हणून जालन्याच्या मिशनच्या लोकांच्या हातून आणि नंतर सोलापूरच्या कारखान्यात पोलादी हापसा तयार झाला. त्यावरूनच पुढे इंडिया मार्क टू आला आणि तो पार आफ्रिकेच्या खेड्यांत जाऊन पोचला. बाई मारुतीला जाताना हापशाच्या दांड्यालाही हात लावून कपाळाला लावायची. मला ते येडेपणा वाटायचं. भारतातला शेवटचा नारूचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ती बातमी आमच्या घरात कुणी वाचली नसेल. बाई तर अंगठेबहाद्दर.

आता लेकरं.

"बाई, तुला लेकरं किती?" असं विचारलं की ती "पाच" म्हणायची. तीन लेक, दोन लेकी. खूप वर्षांनी, माझं पहिलं बाळंतपण झाल्यावर, मला तेल लावता लावता तिनं सगळी मोजली. नऊ. पहिला मुलगा सातव्या दिवशी गेला. दूध ओढेना, जबडा बसला, अंग ताठ पडलं. पाचवी पुजल्यावर दोन दिवसांनी, म्हणून सगळे म्हणाले सटवीनं नेला. नाळ विळ्यानं कापली होती आणि वर राख लावली होती. हा धनुर्वात. त्या काळी नाळेतून झालेला धनुर्वात पहिल्या पंधरवड्यात लेकरं उचलायचा आणि दोष जायचा सटवाईला, किंवा पाचवीच्या पूजेत काही राहिलं म्हणून बाळंतिणीला. बाईनं त्या पूजेत काय चुकलं असेल याचा विचार पुढची वीस-पंचवीस वर्षं केला. मधली दोन गोवरानं गेली, एकाच पंधरवड्यात. एक हगवणीनं. "त्याला पाणी द्यायचं नाही म्हणत होते ना, अजून हगंल म्हणून. पाणी पाणी करीत गेलं लेकरू." एवढंच म्हणाली आणि माझ्या पोटरीला तेल चोळत राहिली.

बाईचं माहेर जामखेड तालुक्यातलं. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं तिथं आलं. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार लेकरांतली 176 लेकरं वर्षाच्या आत जायची. आरोळेंनी काय केलं, तर गावोगावच्या बाया निवडल्या. बऱ्याच निरक्षर, काही ज्यांच्या सावलीला गाव बाजूला सरायचं अशा. त्यांना सुईणपण शिकवलं, नवं ब्लेड आणि स्वच्छ दोरा वापरायला शिकवलं, हगवणीला साखर-मीठ-पाणी द्यायला शिकवलं. बाईची शेवटची मुलगी, माझी धाकटी आत्या, 1974 ची. ती माहेरी जन्मली, तशाच एका बाईच्या हातावर. तिची नाळ ब्लेडनं कापली. बाईच्या भाषेत सांगायचं तर "तिच्या टायमाला सटवी आलीच नाही."

स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्याकडे सरासरी आयुष्य 32 वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे व्हायचे असा नाही. पाळण्यातले इतके जायचे की सरासरी खाली यायची. त्यातून जे तगले ते नव्वदीला ओसरीवर बसलेले आपण बघतो आणि म्हणतो, काय ती जुनी हाडं! गेलेले फोटोत नसतात. बाईच्या चार लेकरांचा फोटो नाही, नाव नाही, त्यांनी तर जुनंच खाल्लं होतं, किंवा खायच्याही आत गेली.

अंगमेहनतीबद्दल लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस अडले. लिहिते, कारण बाईनं स्वतः ते कधी लपवलं नाही, फक्त बायकांतच सांगितलं. दुष्काळानंतर आजोबा आणि बाई ऊसतोडीला जायला लागले. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की गाडी भरायची, खाली कारखान्यावर जाऊन पाचटाची कोपी बांधायची आणि पाच-सहा महिने तोड. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईमाणूस वेगळं मोजलंच जात नाही, आजही नाही. पहाटे तीनला उठून भाकरी, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणं. बाळंत होऊन महिना झाला नसताना हे केल्यावर तिचं अंग बाहेर यायला लागलं. पुढची वीस-बावीस वर्षं ती तशीच वावरली. कासोटा घट्ट मारायची, जड उचलताना एक हात खाली. कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर म्हणणार कामचुकार. शेवटी थोरल्या आत्यानं ओढून नगरला नेलं आणि पिशवीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर बाई म्हणाली, "एवढंच होतं व्हय?" आता या सगळ्याला कुणी व्यायाम म्हणू नये. गावात तिच्या वयाच्या ज्या तिघी-चौघी उरल्या होत्या त्यांच्यापैकी एकीचीही कंबर सरळ नव्हती.

आणि भाकरी! भाकरी तिनं खाल्ली कारण भाकरी होती. बहात्तर साली तीही नव्हती, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा आणि खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. बाई खडीवर होती, मस्टरवर तिचा अंगठा होता. मिलोच्या भाकरीबद्दल ती जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. हातात चार पैसे आल्यावर तिचा सगळ्यात आवडता पदार्थ कुठला, तर टोस्ट. बेकरीचा, मैद्याचा, चहात बुडवून. कोणी शहरातून येताना "बाईसाठी नाचणीचे लाडू" आणले की ती तोंडदेखलं कौतुक करायची आणि लाडू पोरांत वाटून मला खुणेनं विचारायची, टोस्ट आणलास का? चुलतभावाच्या यादीत टोस्ट नाही. मिश्रीही नाही, जी ती दिवसातून तीनदा लावायची. "औषधाची गोळी नाही" हे तर धादांत खोटं, बीपीची गोळी ती रोज सकाळी न चुकता घ्यायची आणि पाकीट संपत आलं की घर डोक्यावर घ्यायची. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. दंडावर देवी टोचल्याचा व्रण, रुपयाएवढा. तिची पाठची बहीण देवीनंच गेली होती.

जात्यावरच्या ओव्यांचं मला खरंच वाईट वाटतं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही मी ऐकल्यात आणि रडलेही आहे. बाईलाही पुष्कळ यायच्या. एकदा मी म्हटलं, बाई, गिरणी आली आणि ओव्या बंद झाल्या, केवढं गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. "जातं माळवदावर हाये. घे काढून. तू दळ अन् तूच म्हण."

तर मग जुन्यातलं चांगलं काहीच नव्हतं का? होतं. बाई कधी एकटी जेवली नाही. शेवटच्या वर्षांत ऐकू कमी यायचं तरी संध्याकाळी ओसरीवर तिच्याजवळ दोन-चार माणसं असायचीच, गावात कोणाचं काय चाललंय हे तिला ग्रामसेवकाआधी कळायचं. माझी आई साठीची असून पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुपारभर टीव्हीशी बोलते. हा मुद्दा मी चुलतभावाला बिनशर्त देते. पण त्यानं तो यादीत घातलाच नव्हता!

खरं सांगायचं तर बाईच्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा काळ म्हणजे शेवटची काही वर्षं. 2022 च्या ऑगस्टात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि बाई सुटली. एक जानेवारीवालं आधार पिशवीत घालून आज माहेरी, उद्या मोहटादेवी, परवा मढी. गुडघे दुखायचे, कंडक्टर हात धरून वर घ्यायचा. जन्मभर ती मुकादमाच्या गाडीतून सामानासारखी गेली होती, आता खिडकीची जागा पाहिजे म्हणून भांडायची. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला गेलं की तिचा अंगठा मशीनवर उमटायचा नाही, रेघा झिजलेल्या. तिथला पोरगा वैतागायचा. बाई पदराला अंगठा पुसून पुन्हा ठेवायची, दहा वेळा ठेवायची. एकदा त्याला म्हणाली, "उसानं खाल्ला बाबा अंगठा, तुह्या मशिनीला सांग." पैसे मिळाले की आधी टोस्ट. उरलेले पदराच्या गाठीत, आणि ती गाठ नातसुनांच्या हातात गुपचूप रिकामी व्हायची. कोणालाही कळू न देता प्रत्येकीला वाटायला लावायचं की फक्त तुलाच दिले. ही लबाडी मात्र जुन्या माणसांचीच, ते मान्य.

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी बुधवार होता. धाकट्या चुलतभावाच्या साडेतीन महिन्यांच्या बाळाची पेंटा लशीची तारीख होती. आशाताईनं दारातूनच आठवण केली आणि ओसरीवर चर्चा सुरू झाली. घरात सुतक, लेकराला बाहेर काढायचं कशाला, पुढच्या महिन्यात देऊ. एक पाहुणे म्हणाले, बाईंनी कुठं घेतल्या होत्या लशी, नव्वद वर्षं जगल्याच ना.

धाकटी आत्या चुलीपाशी होती. तिथूनच उठून आली. "बाईनं चार पुरलेत," ती म्हणाली, "अन् त्या लशीत धनुर्वाताचंबी असतंय." मग सुनेकडं वळून, "मला लेकीला तीनच दिवसांचं सुतक, माझं कालच फिटलं. कार्ड कुठंय? टोपडं घाल त्याला, मी नेते."

पाहुण्यांनी चहा मागितला. बाळाला संध्याकाळी थोडा ताप आला, सिस्टरनं दिलेले थेंब दिले, सकाळी उतरला.