केंब्रिजच्या कॉलेजांविषयी खुलासा

‘केंब्रिजमध्ये ट्रिनिटी किंवा किंग्ज कॉलेज मिळाले तरच पदवीला किंमत, शिवाय जुनी कॉलेजे शिष्ट आणि नवी मनमिळाऊ,’ असा मजकूर सध्या पालकांमध्ये फिरत आहे. त्यातील पहिले विधान चुकीचे आहे. केंब्रिजमध्ये ३१ कॉलेजे असली, तरी व्याख्याने, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाचीच असते; कॉलेजकडे प्रवेश, निवास, भोजन आणि पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांतील शिकवणीची व्यवस्था असते. एका कॉलेजात जागा कमी पडली, तर चांगल्या अर्जदाराचे नाव इतर कॉलेजांपुढे ठेवले जाते आणि अनेकांना तेथून प्रवेश मिळतो. त्याला ‘उरलेसुरले’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५९ साली गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले येऊन ‘सीनियर रँग्लर’ ठरलेले जयंत नारळीकर फिट्झविल्यममधले होते, आणि त्या संस्थेला पूर्ण कॉलेजचा दर्जा मिळाला तो १९६६ मध्ये!

दुसरे विधान खोटे म्हणण्यापेक्षा ढोबळ म्हणावे. कॉलेजांचे स्वभाव वेगळे असतात, हे खरे. पण आपलेपणा स्थापनेच्या सालावरून ठरत नाही. उदाहरणार्थ, गर्टन कॉलेज शहराच्या मध्यापासून सुमारे चार किलोमीटर दूर, त्यामुळे रोज सायकल दामटावी लागते, मात्र संध्याकाळी मुले तिथेच रमतात. नवागतांना वरच्या वर्गातील विद्यार्थी ‘आईवडील’ म्हणून नेमून देण्याची प्रथा तर जुन्या-नव्या दोन्ही कॉलेजांत आहे. निवड करताना खोलीचे भाडे आणि आपला विषय तेथे शिकवला जातो का, हे आधी पाहावे.