कॉल आला, पण ऑफ घेऊन

पुतण्याच्या मोबाईलवर मेल आलं. इंटरव्ह्यू 'कॉल्ड ऑफ'. मी 'कॉल' एवढंच वाचलं. कॉल आला म्हणजे बोलावणं आलं, ही आमची पिढीजात समजूत. लगेच खडेबाजारातून अर्धा किलो कुंदा आणून गल्लीत वाटला. संध्याकाळी आमची मुलगी, यत्ता सातवी, इंग्लिश मीडियम, म्हणाली, "बाबा, कॉल ऑफ म्हणजे कॅन्सल की!"

कुंदा तोवर लोकांच्या पोटात. परत कुणाकडे मागणार?

२०१४च्या १ नोव्हेंबरला आमचं बेळगाव बेळगावी झालं. एक वेलांटी वाढली, पण गाव होतं तिथंच राहिलं. इंग्रजी क्रियापदाला मात्र एवढंसं 'ऑफ' चिकटलं की अर्थ गाव सोडून जातो. पंखा ऑफ म्हणजे बंद, इथवर ठीक. पण 'टेक ऑफ'मध्ये सांबऱ्याहून विमान उडतं आणि त्याच 'टेक ऑफ'मध्ये अंगातला स्वेटर उतरतो. आणि अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे बंद पडला नव्हे, कोकलायला लागला!

'पुट'चा संसार तर विचारूच नका. 'पुट ऑन' कपडे घालणं, 'पुट आउट' आग विझवणं, 'पुट ऑफ' पुढं ढकलणं, 'पुट अप विथ' सोसणं. शेवटचं ऐकून आतून बायको म्हणाली, "ते मला शिकवायला नको."

त्यापेक्षा लॅटिनमधून आलेले पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश हे भारदस्त पाहुणे मला बरे वाटतात. लांबलचक खरे, पण मागं शेपूट नाही. तसंच बोलायला लागलो, तर मुलगी म्हणते, "बाबा, आंघोळ पोस्टपोन केली म्हणू नका. सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतंय."

शेवटी गाऱ्हाणं घेऊन शेजारच्या कन्नड अज्जांकडे गेलो. ते मिशीत हसले.

"आमच्यात 'हेळिबिडु' म्हणतात. हेळु म्हणजे सांग, बिडु म्हणजे सोड. सोडायचं काय त्यात? आणि तुम्ही 'सांगून टाक' म्हणता. टाकायचं कुठं?"

मी गप्प. आम्ही तर उभ्या उभ्या 'बोलून बसतो'.

घरी येऊन बायकोला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिनं कुंद्याचा रिकामा बॉक्स पुढं सरकवला.

"आणि तुम्ही वाटून बसलात. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, तेवढं पोरीला विचारा की!"